दहापैकी किती

माझ्या भावाच्या बायकोला अख्खी इमारत वहिनी म्हणते. मी नणंद, मी म्हणणारच. पण तळमजल्यावरचा शिंपी, दूध केंद्रावरची बाई, माझा नवरा, एवढंच काय, वयाने तिच्या वडिलांसारखा असलेला रखवालदारही वहिनीच म्हणतो. सगळ्या जगाची वहिनी होणं काही सुखाचं नसतं. ज्याला त्याला वाटतं, हिला जिन्यात थांबवावं आणि आपलं गाऱ्हाणं सांगावं. आणि ही थांबते. हातात पिशव्या असल्या तर त्या खाली ठेवते, समोरच्याला घाई वाटू नये म्हणून.

नोकरीही नेमकी तसलीच मिळाली. पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात ती फोनवर बसते. लांबट खोली, मध्ये काच, ओळीने टेबलं आणि प्रत्येकीच्या कानावर हेडफोन. वहिनीच्या हेडफोनचा स्पंज कधीच झिजून गेला, तिथे तिने जुन्या मोज्याचे तुकडे शिवून घेतलेत. नळाला पाणी आलं नाही, आलं तर गढूळ आलं, पाइप फुटला, की लोक फोन करतात, आणि फोन लागेपर्यंत माणूस चांगला तापलेला असतो. त्याला पहिलं वाक्य काय म्हणायचं ते वरून ठरवून दिलेलं आहे. "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. तक्रार नोंदवून घेते." बाकीच्या बाया ते पोपटासारखं म्हणतात. वहिनी मनापासून म्हणायची, जणू पाइप हिनेच फोडला. शिव्या घालायला फोन केलेला माणूस शेवटी "जाऊ द्या हो बाई, तुमची काय चूक" म्हणून फोन ठेवायचा. साहेब नव्या मुलींना तिच्या शेजारी बसवायचे आणि सांगायचे, हिचं ऐकून शिका.

लोक म्हणतात, एका कानाने ऐकावं आणि दुसऱ्याने सोडून द्यावं. म्हणायला काय जातं? हेडफोन दोन्ही कानांवर असतो, सोडणार कुठून?

संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा घर तिची वाट बघत असायचं, म्हणजे तिच्या कानांची. आमची आई दाराजवळच्या खुर्चीत बसते. चावी फिरल्याचा आवाज आला की आईचं सुरू, "आलीस का? अगं, ऐक ना." मग गुडघा, शेजारच्यांचं ड्रिल मशीन आणि पुन्हा गुडघा. ते संपायच्या आत दादा. दादा पार्सलच्या गोदामात आहे, आणि त्याचा वरिष्ठ हा जगातला सर्वांत नालायक माणूस आहे हे तो रोज नव्याने सिद्ध करतो. मग माझी भाची. तिने बापाने भरलेला हिशेबाचा कोर्स अर्धवट सोडला आणि केस कापायचं शिकायला लागली, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. म्हणजे बोलतात, पण वहिनीमार्फत. "तिला सांग, दिवा बंद कर." "बाबांना सांग, मी वाचतेय." दोघं एकाच टेबलाशी बसलेली असतात. टेलिफोन एक्स्चेंज बरं, तिथे निदान पाळ्या तरी बदलतात. आणि मी खालच्या मजल्यावर राहते. औषधाच्या दुकानातून सुटले की मीही पायऱ्या चढून वर जायची, माझं गाठोडं घेऊन. मी तरी कुठे मागे होते?

वहिनी सगळ्यांचं ऐकायची. उभ्यानेच, खांद्याला पर्स तशीच अडकवलेली.

मग एके दुपारी ते झालं. ते तिच्या शेजारच्या टेबलवरच्या बाईने मला सांगितलं. कोणी एक माणूस फोनवर ओरडत होता, नेहमीचंच. वहिनीने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. क्षमस्व नाही, हॅलो नाही. तो ओरडत राहिला, ही समोर बघत राहिली. थोड्या वेळाने त्याचा आवाज उतरला. शेवटी तोच घाबरून विचारायला लागला, "बाई? अहो बाई, तुम्ही आहात ना?" वहिनीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण शब्द नाही. साहेबांनी येऊन तिच्या कानावरचा हेडफोन काढला, तेव्हाही तो माणूस विचारतच होता.

घशाच्या डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं. घसा ठणठणीत. त्याच संध्याकाळी घरी तिने "भाजीत मीठ बरोबर आहे ना?" विचारलंसुद्धा. आवाज शाबूत होता. मग ऑफिसने तिला समुपदेशनाला पाठवलं. सहा भेटी मिळतील, त्या संपेपर्यंत फोनवर बसायचं नाही, नुसते कागद लावायचे, असं ठरलं. दादा म्हणाला, "म्हणजे डोक्याचा डॉक्टर?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यासाठी नाही मिळत तो, तू गप्प बस."

पहिल्या भेटीहून आली आणि जिन्याच्या वळणावर, माझ्या दाराशीच, ती मला सगळं सांगत बसली. वहिनी आपणहून काही सांगतेय हेच मला नवीन होतं. म्हणाली, "पोरगी आहे गं अगदी. आपल्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबलफॅन आणि कागदी रुमालांचा खोका. घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर लावलंय, म्हणजे तिला वेळ दिसते आणि मला दिसत नाही."

"काय विचारलं? लहानपण वगैरे?"

"छे. ती म्हणाली, आपण सगळं आयुष्य उकरत बसणार नाही, तेवढा वेळच नाही. एक छोटी गोष्ट ठरवू, तुम्हाला हवी असलेली, आणि तेवढीच जमवू. मग म्हणाली, समजा झोपेत काही जादू झाली आणि तुमची अडचण सुटली, तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला कशावरून कळेल?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, दार उघडल्यावर कोणी 'आलीस का, अगं ऐक ना' म्हणणार नाही."

मला हसू आलं आणि मग लगेच वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत या बाईला काय हवं, तर अर्धा तास. कामावरून आल्यावर अर्धा तास कोणी तिच्याशी बोलू नये. बस. हेच त्यांनी ध्येय म्हणून ठरवलं. माणसं ध्येय म्हणून घर बांधतात, परदेशी जातात.

त्या पोरीची पद्धत अशी की दर भेटीला आधी आकडा विचारायचा. शून्य म्हणजे अजिबात जमत नाही, दहा म्हणजे जमलं, तर आज दहापैकी किती? पहिल्या दिवशी वहिनी म्हणाली, एक. पोरगी म्हणाली, छान, दोन व्हायला काय करावं लागेल? वहिनी म्हणाली, घरी सांगावं लागेल. पोरगी म्हणाली, मग पुढच्या वेळेपर्यंत घरी एक वाक्य सांगून बघा.

मी वाट बघत होते. वहिनी घरी काही बोलेना. आई रोजच्यासारखी गुडघा सांगत होती, दादा गोदाम. पण वहिनीला यायला मात्र उशीर व्हायला लागला होता. आणि आकडा चढत होता! दुसऱ्या भेटीत तीन, मग पाच, मग सहा, पाचव्या भेटीत सात. मी म्हटलं, हे काय गौडबंगाल आहे? घरात तर इंचभर काही हललेलं नाही.

उत्तर मला बसस्टॉपवर सापडलं. आमचं दुकान त्या दिवशी लवकर बंद झालं, मी पलीकडच्या फुटपाथने येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसस्टॉपचं बाकडं आहे, त्याची एक फळी तुटलेली आहे. त्यावर वहिनी बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. बस आली, ड्रायव्हर तिच्यासाठी थांबला, तिने हाताने नको म्हटलं. दुसरी आली. तीही गेली. बाई बसमधून उतरायची आणि घरी यायच्याऐवजी तिथेच बसून राहायची. अर्धा तास.

आणि तोही तिला लाभत नव्हता. मी रस्ता ओलांडेपर्यंत एक म्हातारा तिच्या शेजारी येऊन टेकला होता आणि त्याच्या सुनेबद्दल सांगत होता. वहिनी मान हलवत होती, आणि म्हाताऱ्याला ऐसपैस बसता यावं म्हणून ती तुटक्या फळीकडे सरकली होती.

म्हातारा गेल्यावर मी तिच्यासमोर उभी राहिले. "हे तुझे सात?"

ती ओशाळली. "अर्धा तास ठरला होता. कुठे ते काही ठरलं नव्हतं."

"त्या पोरीला माहीत आहे? तू घरी एक अक्षर बोललेली नाहीस ते?"

"तिला वाटतंय, मी सांगितलं."

"तिला वाटतंय की तू वाटू दिलंस?"

वहिनी पर्सच्या चेनशी खेळत राहिली. मग म्हणाली, "अगं, ती फार दमलेली असते. माझ्या आधी कोणीतरी रडून गेलेलं असतं, खोक्यातले रुमाल बाहेर लोंबत असतात. तिचा डबा टेबलावर तसाच असतो, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. त्या दिवशी मी पाच म्हटलं तर अशी खुलली बिचारी. मग सहा म्हणावंसं वाटलं. तिला दिवसाकाठी एक तरी चांगली बातमी नको का?"

मला असा संताप आला की भर रस्त्यात ओरडले. "अगं, डॉक्टरला बरं वाटावं म्हणून कोणी ताप कमी करून सांगतं का? पोहायला शिकवणाऱ्याला वाईट वाटू नये म्हणून बुडशील तू! मरशील एक दिवस, आणि तेव्हाही बघशील की खांदा देणाऱ्यांना जड तर होत नाही ना!"

आमच्या समोर आणखी एक बस थांबली आणि गेली. मग वहिनी हळूच म्हणाली, "तू ओरडलीस. आता पुढे?"

"पुढे काय? शेवटची भेट आहे ना परवा? खरं सांग."

"तिला वाईट वाटेल."

"वाटू दे!"

शेवटच्या भेटीला मी सोबत गेले. आत जायचं नव्हतं, पण हिच्यावर माझा भरवसा नव्हता, वाटेत कोणी गाऱ्हाणं घेऊन भेटलं असतं तर भेटीची वेळ टळली असती. मी बाहेरच्या बाकावर बसले. समोर एक बंद दार आणि दारावर एक कॅलेंडर, मागच्या महिन्याचं. आतून काही ऐकू येत नव्हतं. वहिनी बाहेर आली तेव्हा नाक लाल झालं होतं. परतीच्या वाटेवर तिने सांगितलं ते असं.

पोरीने विचारलं, आज किती? आणि ती आधीच हसत होती, कारण शेवटचा दिवस आणि आकडा चढता. वहिनी म्हणाली, दोन. पोरीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. वहिनी परत म्हणाली, दोन, आणि तेही कदाचित जास्तच आहेत. मी घरी काहीच सांगितलेलं नाही. मी बसस्टॉपवर बसते.

पोरीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, मग सात का म्हणालात? वहिनी म्हणाली, तुम्हाला बरं वाटावं म्हणून.

"मग?"

"मग मला वाटलं, आता ही रडते. मी रुमालांचा खोका तिच्याकडे सरकवला." इथे वहिनी स्वतःच हसली. "तिने तो परत माझ्याकडे सरकवला. म्हणाली, हे ऐकून मला चांगलं वाटलं नाही. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, तुम्ही मला न आवडणारी गोष्ट तोंडावर सांगितलीत, आता बघा, काय झालं? मी इकडेतिकडे बघितलं. मी म्हटलं, काही नाही. पंखा फिरतोय."

मग उरलेला सगळा वेळ त्यांनी ते वाक्य घोटलं. घरी म्हणायचं वाक्य. वहिनीने पहिल्यांदा म्हणून दाखवलं ते असं होतं, "तुम्हाला होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमस्व, पण मला जरा अर्धा तास..." पोरीने हात वर करून थांबवलं. क्षमस्व काढा. मग "पण" काढा. मग "जरा" काढा. "जरा" काढताना फार जीवावर आलं म्हणे. शेवटी उरलं ते इतकं छोटं होतं की वहिनीला वाटलं, एवढ्यासाठी ऑफिसने सहा दुपारी दिल्या.

"आणि निघताना म्हणाली, आणखी दोन भेटी मागून घेऊ का वरून? मी म्हटलं, नको."

"नको का म्हणालीस? मिळत होत्या तर!"

"मला नको होत्या," वहिनी म्हणाली.

आम्ही वर गेलो. चावी फिरली.

"आलीस का? अगं, ऐक ना," आई म्हणाली.

वहिनी दारातच उभी राहिली. तिची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. "मी आत जाते. अर्धा तास माझ्याशी कोणी बोलू नका."

दादा पलंगावरून उठला. "का? बरं नाही का?"

"बरी आहे. दमले आहे."

"आम्ही काय केलं?" आई म्हणाली. "मी फक्त गुडघ्याचं सांगत होते. गुडघ्याचंसुद्धा सांगायचं नाही का?"

वहिनीचा हात पर्सच्या पट्ट्यावर घट्ट झाला. मला वाटलं, आलं, आता 'क्षमस्व' आलं. पण ती आतल्या खोलीत गेली. त्या खोलीचं दार दिवसा कधी कोणी लावल्याचं मला आठवत नाही. त्याच्या मागे इस्त्रीचं टेबल उभं केलेलं असतं आणि वर खुंटीला दादाचे शर्ट. टेबल सरकल्याचा आवाज आला, एक हँगर पडला, मग दार लागलं.

बाहेर आम्ही तिघं. मी आयुष्यात त्या घरात एवढी शांतता ऐकली नव्हती. दादा आईकडे बघत नव्हता, आई दादाकडे. दोघांनी आळीपाळीने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा कळलं की त्या घरात बोलणारी माणसं भरपूर होती, पण प्रत्येकाचं बोलणं तिच्याशीच. ती नसेल तर कोणाला कोणाशी काही बोलायचंच नव्हतं.

तेवढ्यात भाची आली. पायातले बूट काढता काढता म्हणाली, "आई कुठाय?"

दादाने बंद दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाची त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि दादा मला म्हणाला, "तिला सांग, आई आत आहे."

माझ्या जिभेवर शब्द आलेसुद्धा होते. सवय अशी लगेच अंगाला चिकटते. मग मला ते बाकडं आठवलं आणि तुटक्या फळीकडे सरकलेली वहिनी.

"तुझी मुलगी आहे," मी म्हटलं. "तूच सांग."

दादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला विहिरीत ढकललं. आई खुर्चीत चुळबुळली. भाची एका पायात बूट घालून तशीच उभी.

"आई आत आहे," दादा शेवटी भिंतीकडे बघून म्हणाला. मग घसा खाकरून तिच्याकडे बघून म्हणाला, "दमली आहे."

"बरं," भाची म्हणाली.

बस, एवढंच. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. भाचीने दुसरा बूट काढला आणि ती पाणी प्यायला गेली. ती जाताना दादाने विचारलं, "जेवलीस का दुपारी?" आणि ती म्हणाली, "हो." आईने थोडा वेळ वाट बघितली, आणि आता दुसरं कोणी नाही म्हटल्यावर दादालाच गुडघा सांगायला घेतला. दादाने तो कदाचित पहिल्यांदाच पूर्ण ऐकला असेल. मध्येच म्हणाला, "उजवा? मला वाटलं, डावा."

अर्धा तास झाला, उलटून गेला, तरी दार उघडेना. मला भीती वाटली. मी दाराशी जाऊन उभी राहिले. बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण मला राहवेना. दार थोडं ढकललं.

वहिनी पलंगावर बसली होती. निजलेली नव्हती, रडत नव्हती. दादाचा पडलेला शर्ट तसाच जमिनीवर होता आणि तिने तो उचललेला नव्हता. पर्स खांद्यावरून काढून उशीशी ठेवली होती.

"किती?" मी अगदी हळू विचारलं.

तिने खरंच विचार केला. बाहेर आईचा आवाज येत होता, दादाचा मधूनच "हं" येत होता.

"तीन," ती म्हणाली.

"एवढं करून तीनच?"

"तीनच," वहिनी म्हणाली. "पण खरे आहेत गं." आणि मला हाताने खूण केली की दार लावून घे.